पांढऱ्या रंगाखालची कवटी

गंगाखेडच्या बसस्टँडपासून थोडं पुढं, पंक्चरवाल्याच्या शेजारी माझं पत्र्याचं दुकान होतं. दुकान कसलं, रंगाचे डबे आणि ब्रश ठेवायची जागा. काम सगळं बाहेर, उन्हात. नंबरप्लेटा, किराणा दुकानांच्या पाट्या, ट्रकच्या मागचे मोर, लग्नाच्या दारावरचे गणपती, जे येईल ते मी रंगवायचो. विद्यापीठाच्या नामांतराची वर्षं होती, त्यामुळे भिंतीही रिकाम्या राहत नव्हत्या. आमच्या वस्तीतल्या पोरांसाठी मी रात्रंदिवस घोषणा लिहिल्या. पुढं गावातल्या शाळेवरच्या त्याच घोषणांवर चुना मारायचं कामही मलाच सांगण्यात आलं आणि तेही मी केलं. मी कुठल्या वस्तीतला आहे ते बाजारात सगळ्यांना ठाऊक होतं. पाटी चांगली काढतो म्हणून लोक यायचे. चहा मात्र वेगळ्या कपात द्यायचे.

टँकरचं काम माझ्याकडं आलं ते भोपाळच्या वायुगळतीनंतर काही वर्षांनी. सरकारनं विषारी आणि पेट घेणारा माल नेणाऱ्या गाड्यांसाठी नवे नियम केले होते. आमच्या भागातल्या एका मालकाचे दोन टँकर होते. एक साखर कारखान्याची मळी वाहायचा. दुसरा मुंबईकडच्या एका रंगाच्या कारखान्याला लागणारं केमिकल भरायचा. गाडीवर नियमाप्रमाणं फलक असल्याशिवाय माल भरणार नाही, असं त्या कारखान्यानं मालकाला सांगितलं होतं. एका सकाळी टँकर माझ्या दुकानापुढं उभा राहिला आणि त्याचा ड्रायव्हर हातात एक इंग्रजी कागद घेऊन उतरला.

ड्रायव्हर पन्नाशीच्या पुढचा होता. दाढी मेंदीनं लाल केलेली, बोलणं हळू. सगळे त्याला चाचा म्हणायचे, मीही म्हणायला लागलो.

"पेंटरसाब," तो म्हणाला, "ह्या कागदावर जसं हाय तसंच काढा. एक रेघ इकडची तिकडं नको. तिथं पट्टी लावून मोजायलेत."

कागदावर सगळं मापासकट होतं. फलक तीन ठिकाणी, दोन्ही बाजूंना आणि मागं. टोकावर उभा केलेला चौकोन, निदान दहा इंचाचा. त्यात कवटी आणि खाली दोन हाडं. शेजारी एक चार आकडी नंबर, चार इंच उंचीचा. त्याखाली मालाचं नाव, दोन इंची अक्षरांत. मग अपघात झाला तर कुणाला कळवायचं त्याचा फोन. माप मिलिमीटरमध्ये होतं, ते मी फूटपट्टीवर इंचात करून घेतलं. कवटी काढायला मला दोन दिवस लागले. डोळ्यांच्या खोबणी सारख्या येईनात. तिसऱ्या बाजूची कवटी इतकी चांगली जमली की पंक्चरवाला काम टाकून बघायला आला.

मी दहावी नापास, पण इंग्रजी अक्षरं येत होती आणि दुकानात एक फाटकी डिक्शनरी होती. दुपारी गिऱ्हाईक नसताना मी तो कागद शब्द शोधत शोधत वाचला. सगळा कळला नाही. शेवटची ओळ मात्र कळली. टाकी रिकामी झाली तरी, आतून धुऊन साफ केल्याचा दाखला मिळेपर्यंत हा फलक काढू नये आणि झाकू नये.

हे मी इथं लिहितो आहे, कारण पुढं लोकांनी मला विचारलं की तुला माहीत होतं का. मला माहीत होतं.

चाचाला ती कवटी आवडली नाही. महिन्या-दीड महिन्यानं तो यायचा, ऊन-पावसानं उडालेला रंग माझ्याकडून भरून घ्यायचा आणि तक्रार करायचा. "धाब्यावर गाडी लावू देत न्हाईत. म्हणतात, तिकडं लांब लाव. देवगाव फाट्यावर एका हॉटेलवाल्यानं मला चहा दिला अन् म्हणाला, चाचा, पिऊन निघा लवकर." मग तो स्वतःच हसायचा. "पर बरं हाय. लोक लांब ऱ्हातात. त्या मालाचा वास एकदा डोक्यात बसला की दिवसभर डोकं धरतंय." माल तेलासारखा असतो, थोडा तपकिरी, हाताला लागला तर नखं निळी पडतात, असंही त्यानंच मला सांगितलं होतं.

असं दोन-तीन वर्षं चाललं. मग तो उन्हाळा आला. आदल्या वर्षी पाऊस नीट झाला नव्हता. होळीच्या आधीच विहिरींचे तळ दिसायला लागले, गोदावरीच्या पात्रात डबकी उरली. आमच्या वस्तीत तीन दिवसांनी एकदा पाणी यायचं आणि बायका त्या दिवशी कामाला जायच्या नाहीत. खेडोपाडी टँकर सुरू झाले. टँकर पुरेनात. जो मिळेल तो टँकर लोक पाण्याला लावायला लागले.

एके दिवशी मालक स्वतः आला. पांढरे कपडे, स्कूटरवर. मागून चाचा टँकर घेऊन आला.

"अरे पेंटर, हे तिन्ही बाजूंचं पुसून टाक. अन् मोठ्या अक्षरात लिही, पिण्याचे पाणी."

मी टँकरकडं पाहिलं. "शेठ, आतून धुतलाय का?"

"धुतलाय की. चाचाला विचार."

चाचा खाली बघत होता. "एक ड्रम पाणी मारलंय आत. सोडून दिलं ते."

"शेठ, त्या कागदावर लिहिलेलं हाय. दाखला मिळाल्याशिवाय झाकायचं न्हाई म्हणून."

मालक चिडला नाही. उलट समजावल्यासारखं बोलला. "हे बघ, दाखला देणारा माणूस मुंबईला बसतो. इथं लोकांच्या घशाला कोरड पडली. तुझ्या वस्तीत पाणी येतंय का रोज? उद्या हीच गाडी तुमच्याकडं पण येईल. तू काय कागद वाचून दाखवणार हायस का त्यांना?"

त्याचं हे बोलणं मला पटलं. नंतर मी स्वतःला अनेकदा सांगून बघितलं की मी घाबरलो, गिऱ्हाईक तुटेल म्हणून गप्प बसलो. पण ते खरं नाही. त्या क्षणी मला वाटलं की तो बरोबर बोलतो आहे आणि मीच उगाच कागदाला धरून बसलो आहे. पाणी पाहिजे होतं. गाडी समोर उभी होती.

पांढरा रंग एका हातात बसेना. काळी कवटी खालून दिसत राहिली. मी दुसरा हात दिला, तरी उन्हात तिरकं बघितलं तर खोबणी दिसायच्या. मग त्याच जागेवर निळ्या रंगात मोठ्या अक्षरांत लिहिलं, पिण्याचे पाणी. अक्षरं मी अशी बसवली की 'ण्या'चा काना बरोबर कवटीवर यावा. मालकानं तो इंग्रजी कागद परत मागितला. मी दिला.

त्यानंतर तिसऱ्या दिवशी, सकाळी अकराच्या सुमाराला, चाचा चालत दुकानात आला. डोक्यावरची टोपी हातात होती. उन्हात चालून आला होता, तरी बसला नाही.

"पेंटरसाब, त्या गाडीवर आपण आधी काय लिवलं व्हतं?"

"का?"

"डॉक्टर विचारायलीय. नाव सांगा म्हणते. मला नाव कुठून येणार? आमी त्याला तेलच म्हणायचो."

मग त्यानं सगळं सांगितलं. सकाळी तो पहिली खेप घेऊन एका गावात गेला होता, गंगाखेडपासून दहा-बारा मैलांवर. आधी गाडी गावातल्या चावडीपुढं उभी केली. खालचा वाल उघडला आणि लोक घागरी घेऊन तुटून पडले. पहिल्या सात-आठ घरांनी भरून नेल्या. पाण्याला थोडा वास होता, पण टँकरच्या पाण्याला वास असतोच, कुणी मनावर घेतलं नाही. मग गाडी गावाबाहेर, आमच्या समाजाच्या वस्तीकडं नेली. तिथल्या घागरी भरून होत आल्या तोवर चावडीकडून आरडाओरड झाली. कुणाला चक्कर, कुणाला उलटी, आणि ओठ निळे. जांभळं खाल्ल्यासारखे निळे. चाचानं वाल बंद केला, लोकांना ते पाणी ओतून द्यायला सांगितलं आणि दोन माणसांना केबिनमध्ये घालून गाडी सरकारी दवाखान्यात आणली. बाकीचे मागून जीपमध्ये आले. मालकाचा पत्ता नव्हता. घरी निरोप दिला तर परगावी गेलेत म्हणून सांगण्यात आलं.

"तू पळून का न्हाई गेलास?" मी विचारलं. हे विचारायला नको होतं. त्यानं टोपी डोक्यावर घातली.

"कुठं पळू?" तो म्हणाला. "चला तुमी."

वाटेत मी नंबर आठवायचा प्रयत्न केला. पंधराशे सत्तेचाळीस का पंधराशे चौऱ्याहत्तर? हातानं तो मी कितीतरी वेळा भरला होता, पण डोळ्यांपुढं येईना. नावातलं पहिलं अक्षर ए, हे नक्की. मधलं काही सुचेना. ती अक्षरं मी चित्रासारखी उतरवली होती, शब्द म्हणून कधी वाचलीच नव्हती.

दवाखान्यात डॉक्टरीणबाई होत्या, तरुण, पुण्याकडच्या. ओसरीवर जमिनीवरच गाद्या टाकून पाच जणांना ठेवलं होतं. त्यांचे चेहरे मी पाहिले. राखेत पाणी कालवल्यासारखा रंग. एका म्हाताऱ्याची छाती वर-खाली होत होती आणि त्या पाचांतलीच एक, त्याची सून, त्याचं डोकं मांडीवर घेऊन बसली होती. तिचेही ओठ निळसर होते, पण ती शुद्धीवर होती.

बाईंनी मला बाजूला घेतलं. "ह्यांचं रक्त काढलं तर चॉकलेटी येतंय. मला अंदाज आहे, पण अंदाजावर औषध द्यायचं नाही मला. टाकीत काय होतं?"

मी दोन्ही नंबर सांगितले.

"नक्की कुठला?"

"नक्की न्हाई सांगता येत."

"मग बघून सांगा. कुठं लिहिलंय?"

"गाडीवर. माझ्या रंगाच्या खाली."

बाईंनी आवारातल्या टँकरकडं पाहिलं. मग म्हणाल्या, "जा, लवकर करा."

टँकर दवाखान्याच्या आवारात लिंबाखाली उभा होता. गावातून आलेली पंधरा-वीस माणसं त्याच्या सावलीत बसली होती. चाचानं टूलबॉक्समधून पटाशी काढून दिली. कंपाउंडरकडून मी स्पिरिट मागून घेतलं, एक चिंधी घेतली आणि 'पिण्याचे पाणी' मधल्या 'पिण्याचे'पासून सुरुवात केली.

रंग नवा होता, तरी निघता निघेना. वरचा निळा सुटायचा, पांढरा चिकटून राहायचा. जोर लावला तर खालचा काळाही निघून यायचा, आणि तो गेला तर सगळंच गेलं. म्हणून हळू खरवडावं लागत होतं. मागं माणसं उठून उभी राहिली. आधी कवटीचा एक डोळा दिसला. मग दात.

"हे काय हाय?" कुणीतरी विचारलं.

मी दातांवरचा पांढरा रंग चिंधीनं पुसला. दुसऱ्यानं मला ओळखलं. "हा तर तो घोषणा लिहिणारा. वस्तीतला." मग एक जण म्हणाला, आणि तो आवाज मला अजून आठवतो, कारण तो ओरडून बोलला नाही, "म्हणूनच. त्यांच्या लोकांना काई झालं न्हाई. आपल्याच माणसांना कसं झालं?"

चाचा पुढं झाला. "अरे भाई, वाल मी उघडला. त्याला काय बोलता?" कुणीतरी त्याची दाढी धरून त्याला मागं ढकललं. माझ्या हातातली पटाशी थांबली. पाठीवर पहिला हात कधी पडतो याची मी वाट बघत होतो. पळावं असंही वाटलं. आवाराचं फाटक दहा पावलांवर होतं. पण एकच आकडा उघडा झाला होता, एक. मी परत खरवडायला लागलो.

तेवढ्यात ती सून ओसरीवरून खाली आली. भिंतीला धरून, चालताना तोल जात होता. तिनं त्या कवटीकडं बघितलं, मग माझ्याकडं.

"तुमीच लिवलं व्हतं का वरचं?"

"हो."

"आन् खालचं?"

"खालचं पण मीच."

ती लोकांकडं वळून म्हणाली, "खरवडू द्या त्याला. मामंजींचा जीव त्या अक्षरात हाय." आणि तिथंच मातीत बसली.

पाच, चार, सात. मग नाव. दोन अक्षरांचा काळा रंग माझ्या पटाशीनं गेलाच, पण बाकीची उरली. कंपाउंडरनं ती कागदावर उतरवून घेतली आणि आत पळाला. मीही मागं गेलो. बाईंनी वाचलं, "ॲनिलीन," आणि टेबलावर हात आपटला. "हेच म्हणत होते मी." त्यांनी एका इंजेक्शनचं नाव चिठ्ठीवर लिहिलं. ते आपल्याकडं नाही, परभणीच्या मोठ्या दवाखान्यातून आणावं लागेल, म्हणाल्या. जीप लगेच निघाली. जाऊन यायला अडीच तास. तोवर एकच ऑक्सिजनची नळकांडी आलटून पालटून पाच जणांना लावत राहिले.

बाहेर येऊन बाईंनी गावातल्या माणसांना समजावलं. हे पाण्यापेक्षा जड असतं, टाकीच्या बुडाशी बसतं, म्हणून पहिल्या घागरींत ते गेलं आणि शेवटच्यांना कमी मिळालं. वस्तीतल्याही दोघांचं डोकं दुखतंय, त्यांनाही बोलावून घ्या. काहींनी माना डोलावल्या. ज्यानं ते वाक्य म्हटलं होतं तो दुसरीकडं तोंड करून उभा राहिला. पण ते बोलणं तिथं संपलं नाही. पुढं कितीतरी दिवस गंगाखेडच्या बाजारात मला ते वेगवेगळ्या तोंडून ऐकू आलं.

म्हातारा जीप येण्याआधीच गेला. बाकीच्या चौघांना इंजेक्शन मिळालं. इंजेक्शनचं औषध गडद निळं होतं. निळ्या पडलेल्या माणसांच्या शिरेत ते निळं पाणी चाललं होतं आणि त्यांचे ओठ हळूहळू लाल व्हायला लागले. सून वाचली. सासऱ्याला बैलगाडीतून नेलं तेव्हा ती अजून खाटेवरच होती आणि तिला कुणी काही सांगितलं नव्हतं. मला माहीत होतं. मी तिच्यासमोर गेलो नाही.

घरी आलो तर बायकोला सगळं कळलं होतं. तिनं भाकरी वाढली. मी हात धुतले, पण नखांतला पांढरा रंग निघाला नव्हता. तिनं विचारलं, "तुमी वाचला व्हता ना तो कागद?" मी हो म्हणालो. चार-पाच दिवस ती माझ्याशी बोलली नाही. मग एकदा पाणी भरून आल्यावर, घागर उतरवता उतरवता म्हणाली, "आपल्याकडं आली असती ती गाडी, तर मी पण पयल्यांदा धावले असते."

चाचाला पोलिसांनी त्याच संध्याकाळी दवाखान्याच्या आवारातून नेलं. गाडी त्याच्या ताब्यात होती. मालक आठ दिवसांनी वकील घेऊन आला आणि जामिनावर सुटला. चाचाला जामीन राहायला कुणी नव्हतं. त्याचा मुलगा हैदराबादेत होता, तो येईपर्यंत चाचा परभणीच्या तुरुंगात राहिला. मी एकदा भेटायला गेलो. त्याची दाढी पांढरी झाली होती, आत मेंदी कुठून मिळणार. तो म्हणाला, "मी एक ड्रमच मारला व्हता पेंटरसाब. मालकानं सांगितलं बस्स झालं. मी पाच मारले असते तरी कुणी अडवलं नसतं." मी त्याला काहीतरी धीराचं सांगितलं. काय सांगितलं ते आठवत नाही.

खटला चालू झाला तेव्हा मला साक्षीला बोलावलं. मालकाच्या वकिलानं विचारलं की टाकी धुतलेली नाही असं तुम्हाला कुणी सांगितलं होतं का. मी म्हणालो, एक ड्रम मारला एवढं सांगितलं होतं. मग त्यानं विचारलं की ह्या खुणेचा अर्थ तुम्हाला ठाऊक होता का. मी हो म्हणालो. तरीही तुम्ही झाकली? हो. तो जिंकल्यासारखा खाली बसला. सरकारी वकिलानं नंतर मला बाहेर विचारलं, "असं कशाला बोललात? सरळ म्हणायचं, आठवत नाही." माझ्यावर कसला खटला झाला नाही. निकाल लागला तेव्हा चाचाला शिक्षा झाली, ती त्यानं आत काढलेल्या दिवसांत भरून निघाली. लायसन गेलं. मालक सुटला. चाचा मुलाकडं हैदराबादेला गेला, आणि त्यानंतर मला त्याची खबर नाही.

मी त्या गावी एकदाच गेलो, खटल्याच्या मधल्या काळात. सुनेच्या नवऱ्यानं मला दारात उभं केलं, बस म्हणाला नाही. ती आतून बाहेर आली. मी सांगितलं की मी कागद वाचला होता. ती म्हणाली, "कोर्टात सांगितलंसा, ऐकलं मी. आता मला कशाला सांगायला आलाव?" ती आत गेली. मी फाट्यापर्यंत चालत आलो आणि बसची वाट बघत उभा राहिलो.

नामांतर झालं त्या वर्षी, थंडीत, एक परका टँकर दुकानापुढं थांबला. त्यावर ज्वाळेचं चित्र होतं, पेट घेणाऱ्या मालाचं. ड्रायव्हर तरुण होता. म्हणाला, माल उतरवलाय, परतीला दुसरं काही भरायचंय, हे झाकून द्या. मी दाखला मागितला. तो हसला. मी नाही म्हणालो. त्यानं फार वाद घातला नाही, गाडी सुरू केली. दुपारी मी डबे आणायला बाजारात गेलो तर रेल्वे फाटकाजवळच्या दुसऱ्या पेंटरकडं तीच गाडी उभी होती आणि तो शिडीवर चढून पांढरा हात मारत होता.

मी गाडीचा नंबर तळहातावर लिहून घेतला आणि पोलीस ठाण्यात जाऊन दिला. जमादारानं तो कागदावर उतरवला, मला चहा विचारला. गाडी अडवली का, त्यात काय भरलं, मला कधी कळलं नाही.